शिमग्यातली आरामखुर्ची

चोराने घरातली वस्तू नेली आणि जाताना दाराला चिठ्ठी टोचून स्वतःचं नाव, पत्ता, पासपोर्टाचा नंबर आणि व्हिसाची मुदत कळवली, असा गुन्हा ठाणे जिल्ह्यात त्याआधी झाला नव्हता. नंतरही झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत परदेशी लोकांच्या नोंदणीचा कारकून होतो, आणि ही अशी चिठ्ठी लिहायची अक्कल त्या माणसाला मीच दिली होती.

साल त्रेपन्न. माणूस व्हावरा नावाचा चेक फिटर. आंबिवलीजवळच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आला आणि तो इकडे असतानाच तिकडे त्याच्या देशात सरकार पालटलं. हा गप्प बसला असता तर बिघडलं नसतं. पण त्याने नव्या सरकारला एक खरमरीत पत्र धाडलं, खाली सही करून. तेव्हापासून तिकडचा तुरुंग त्याची वाट बघत होता. दरवर्षी तो माझ्याकडे व्हिसा वाढवून घ्यायला यायचा आणि शिक्का पडेपर्यंत टोपी हातात धरून उभा राहायचा.

पहिल्याच भेटीत मी त्याला सांगितलं होतं, "या देशात कुठेही जा, काहीही करा, आधी नाव, नंबर आणि मुदत लिहून द्या. मग तुम्हाला कोणी हात लावणार नाही." मी हे प्रत्येक परदेशी माणसाला सांगत असे. मनावर घेणारा हा एकटाच निघाला.

कारखान्याने दिलेली खोली सोडून तो रुळांपलीकडच्या आगरी गावात काळुरामच्या घरी भाड्याने राहत होता. काळुरामच्या आईने, सगुणाबाईने, त्याला सुकट खायला शिकवली आणि बोलायलाही शिकवलं. त्यामुळे तो मराठी बोलायचा ती अस्सल आगरी, जी आमच्या साहेबांना इंग्रजीपेक्षाही कमी कळायची.

आता शिमगा. गावाची होळी म्हटली की लाकूड लागतं, आणि ते मागून आणलं तर होळीचा मान राहत नाही. ते चोरायचं. कोणाचं फाटक, कोणाची मोडकी खाट, कोणाच्या होडीची फळी. अंगणात सापडलात तर मालक दोन रट्टे देणार. कुंपणाबाहेर गेलात की ती वस्तू होळीची. मालकाने मनसोक्त शिव्या द्यायच्या, पोरांनी त्या आनंदाने घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकत्र पुरणपोळी खायची. हे ज्याला कळत नाही त्याने गावात घर बांधू नये.

तात्यासाहेब कर्णिकांनी बांधलं होतं. निवृत्त मामलेदार. गावाच्या कडेला टुमदार बंगला, आणि बंगल्यात त्यांची शिसवी आरामखुर्ची. एका गोऱ्या कलेक्टरने विलायतेला जाताना ती त्यांना दिली होती. सकाळी सातला ते तिच्या लांब हातांवर तंगड्या टाकत आणि तिथून संसार चालवत. पाणी आण, चष्मा आण, पंखा सरकव, कोण आलंय बघ. होळीच्या संध्याकाळी ते एका सभेचे अध्यक्ष म्हणून कल्याणला गेले. परत आले तेव्हा खुर्ची नव्हती, दाराला इंग्रजीतली चिठ्ठी होती आणि मैदानात होळी छान पेटली होती.

चिठ्ठीचा मजकूर असा: 'महाशय, सणाच्या अग्नीसाठी आपली एक लाकडी खुर्ची नेली आहे. आभारी आहे.' खाली नाव, नंबर, मुदत ३१ डिसेंबर, मुक्काम काळुरामची पडवी.

तात्यासाहेबांनी चार फुलस्केप पानं भरून तक्रार केली. आमचे साहेब नुकतेच बदलून आलेले, हात शिवशिवत होते. ते मला म्हणाले, "प्रभाकर, गंभीर गुन्हा करणाऱ्या परदेशी माणसाचा व्हिसा रद्द करायचा, हे ठरलेलं आहे. घरात शिरून चोरी, वर लेखी कबुली. पंधरा दिवसांत देशाबाहेर. तुम्ही फक्त चौकशीचा कागद तयार करा."

फक्त. माझ्या एका कागदावर एक माणूस तुरुंगात जाणार होता आणि साहेबांना तो जेवणाच्या सुट्टीआधी हवा होता. मला राग आला. पण कारकुनाचा राग कचेरीत काही कामाचा नसतो, म्हणून मी जागेवर चौकशी हवी असं सांगून शुक्रवारची सुनावणी मागून घेतली आणि आंबिवलीची गाडी धरली.

काळुरामच्या ओटीवर अर्धं गाव जमलं. मी विचारलं, खुर्ची कोणी चोरली?

"चोरली कशाला म्हनतंस?" सगुणाबाई म्हणाली. "आमचे गावान शिमग्याला चोरी नसतं. ही चोरी असंल तं माझापन नाव लिही. पन्नास वरसां लाकरा नेतंय मी."

मी लिहिलं. मग काळुराम म्हणाला, खुर्ची त्याने उचलली. आनंदा म्हणाला, त्याने. तानाजी तर त्या दिवशी मुरबाडला सासुरवाडीत होता, तरी त्यानेही उचलली. कागदावर अकरा नावं झाली. एवढ्या माणसांनी उचलली असती तर खुर्चीच काय, बंगलाही होळीत गेला असता.

व्हावरा कोपऱ्यात बसला होता. "मी नेली," तो म्हणाला. "मी एकलाच होतू."

हे मात्र खोटं होतं. चार पायांची, लांब हातांची ती शिसवी खुर्ची एकट्याने दारातून निघणं शक्य नव्हतं. मी तसं बोललो. त्याने सगुणाबाईकडे पाहिलं.

"जोडीदाराचा नाव सांगाचा नाय," सगुणाबाईने मला समजावलं. "आपला सांग, पन जोडीदाराचा नाय. होलीचा कायदाच हाय तो. मीच शिकवला त्याला."

म्हणजे एक कायदा मी शिकवलेला, एक हिने, आणि दोन्ही पाळून हा गडी तुरुंगात निघाला होता. मी कपाळाला हात लावला.

मग बंगल्यावर गेलो. तात्यासाहेब एका साध्या लाकडी स्टुलावर ताठ बसले होते. पाठ टेकायची सोय नव्हती आणि ते प्रत्येक वाक्यातून जाणवत होतं. खुर्ची आतल्या खोलीत असायची. मागच्या दाराला आतून कडी. कडी मी पाहिली. तुटलेली नव्हती, वाकलेलीही नव्हती. मी तसं टिपून घेतलं.

निघताना त्यांच्या पत्नी, सरस्वतीबाई, मला ओटीवर पाणी देऊन हळूच म्हणाल्या, "त्या साहेबाला दंड होईल का हो?"

"दंड कसला, बाई. व्हिसा रद्द करून परत पाठवतील. तिकडे उतरला की तुरुंग."

त्यांनी हातातलं तांब्याभांडं खाली ठेवलं. "मला वाटलं, शिमगा आहे, चार दिवस आरडाओरडा होईल आणि संपेल," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "सुनावणी कधी?"

"शुक्रवारी, अकराला."

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत तात्यासाहेब खुर्चीवर बसले, व्हावरा टोपी धरून उभा राहिला, काळुराम दाराशी. मी चौकशीचा कागद वाचला. अकरा नावं ऐकून साहेबांचा चेहरा लाल झाला.

"या गावगोंधळाशी मला कर्तव्य नाही," ते म्हणाले. "कबुली आहे. व्हिसा रद्द."

त्यांनी पेन उचललं आणि व्हावराने टोपी चुरगळली. काळुराम खाली बघू लागला. मला त्या क्षणी माझ्या नोकरीची शरम वाटली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "थांबा. दुसऱ्या बाजूने मी धरली होती."

सरस्वतीबाई. नऊवारी, हातात छत्री, बरोबर कोणी नाही. आंबिवलीहून ठाण्यापर्यंत त्या एकट्या आल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

"तू इथे कशी?" तात्यासाहेब म्हणाले.

त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. त्या साहेबांशी बोलत होत्या. "हा माणूस अंगणातली फळी मागत होता. मागत होता, बिचाऱ्याला चोरीसुद्धा धड येत नाही. मीच म्हटलं, फळी कसली नेतोस, आत ये. कडी मी काढली. एक बाजू त्याने धरली, एक मी. कुंपणापर्यंत नेली. ती इंग्रजी चिठ्ठी मला वाचता आली असती तर तेव्हाच फाडून टाकली असती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पण बाई, खुर्ची तुमच्या यजमानांची. त्यांना न विचारता?"

"बत्तीस वर्षं त्या खुर्चीने मला उठवलंय. एकदा मी तिला उठवलं." त्यांनी छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं. "नवऱ्याला न विचारता घरातली वस्तू बाहेर काढणं हा गंभीर गुन्हा असेल, तर माझा परवाना रद्द करा. पंधरा दिवस ना? मी आठ दिवसांत निघते. माहेर पेणला आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. असा कागद कोणत्या खात्यात जातो ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी ते सांगितलं नाही.

"तात्यासाहेब," साहेब शेवटी म्हणाले, "तक्रार कोणाविरुद्ध ठेवायची?"

तात्यासाहेबांनी बायकोकडे बघितलं, तिच्या हातातल्या छत्रीकडे बघितलं, आणि तक्रार मागे घेतो असं पुटपुटले. मी कोरा कागद तयारच ठेवला होता. त्यांनी सही केली. मी व्हावराचा पासपोर्ट ओढला आणि साहेबांचं मन बदलायच्या आत वर्षभराचा शिक्का मारला. व्हावराने तो दोन्ही हातांनी घेतला, सरस्वतीबाईंपुढे वाकला आणि काही बोलायला गेला, पण सगुणाबाईने शिकवलेली सगळी मराठी त्याला त्या घडीला आठवेना.

तात्यासाहेबांनी घाम पुसला. सवयीने त्यांचा हात बाजूला झाला आणि ते म्हणाले, "अगं, पाणी."

सरस्वतीबाईंनी छत्रीच्या टोकाने कोपरा दाखवला. "माठ तिकडे आहे."

तात्यासाहेब थोडा वेळ बसून राहिले. मग उठले. झाकण कुठे ठेवायचं आणि ओगराळं कसं धरायचं, हे काळुरामने त्यांना दाखवलं.