माझं नाव सवतीला

मी एक जुनी, छोटी मोटारसायकल आहे. आमच्या जावा बेटावर माझ्यासारखीला बदक म्हणतात. म्हणोत बापडे! मला स्वतःचं नाव आहे, पोनियेम. मला घरी आणलं तो आमच्या पाच दिवसांच्या जावानी आठवड्यातला पोनचा वार होता, म्हणून मालकीणबाई सुपिनाहबाईंनी ते ठेवलं. मित्रांनो, आधीच सांगते, माझा स्वभाव जळका आहे. पण सगळं ऐका आणि मग मला नावं ठेवा.

कारखान्यातून आले तेव्हा मी लालचुटुक होते. माझे मालक मारगोनो मास्तर डोंगरावरच्या शाळेत भूगोल शिकवतात. सकाळी मी त्यांना चढावर न्यायचे. दुपारी त्यांच्या पत्नी सुपिनाहबाई माझ्या दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून सोयाबीन आंबवून केलेलं तेंपे विकायला निघायच्या. गल्लीत शिरलो की बायका म्हणायच्या, "पोनियेम आली गं!" बाई आल्या असं कुणी म्हणत नसे. काय तोरा होता माझा!

मग मास्तर तंबाखूच्या एका जुन्या वखारीतून पोती आणू लागले. खेपांवर खेपा, आणि सगळ्या माझ्याच पाठीवरून. मला वाटलं भंगार असेल. एके दिवशी त्यांनी ती पोती अंगणात ओतली आणि माझ्या डोळ्यांसमोर अंधारीच आली. टाकी, चाकं, इंजिनाचे तुकडे! ती एक जुन्या जमान्यातली परदेशी मोटारसायकल होती. मी माझ्या पाठीवरून माझी सवतच घरात आणली होती.

त्यानंतर काय विचारता! मास्तर तिचे गंजके भाग रॉकेलमध्ये भिजवत, दात घासायच्या ब्रशने घासत, मोबाईलवर बघून एकेक जोडत. जोडून झाल्यावर मूठभर नटबोल्ट उरले, तर म्हणतात कसे, "पूर्वीचे लोक उगाच जास्तीचे लावायचे." इकडे माझी चेन कोरडी ठणठणीत, करकर करून जीव चालला होता.

"अहो, पोनियेमला थेंबभर तेल दिलं असतंत तर हात झिजले असते का?" बाई म्हणाल्या.

"देतो गं, कुठे पळून चाललीय ती?"

माझा असा संताप झाला, मित्रांनो!

मग तिचं बारसं झालं. लाल आणि पांढरी खीर केली, शेजाऱ्यांना वाटली, आणि नाव ठेवलं राडेन आयु कुसुमोनिंग्रात. राजघराण्यातलं नाव, त्या भंगाराला! माझ्या वेळी साधं पाणीसुद्धा उकळलं नव्हतं. मास्तरांनी किक मारली. काही नाही. मारत राहिले, पायातली चप्पल उडून कोंबड्यांत पडली, तरी बाईसाहेब ढिम्म. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

शेजारचे म्बाह द्वीजो, म्हणजे द्वीजो आजोबा, खिरीची वाटी चाटून म्हणाले, "नाव जड झालंय रे हिला. माझ्या धाकट्याला राजाचं नाव दिलं होतं, पोरगं सारखं तापाने फणफणायचं. बदलून साधं ठेवलं, तर आता रेड्यासारखं धडधाकट आहे. हिलाही एखादं हलकं, कष्टकऱ्याचं नाव दे."

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. मी दिसले.

"पोनियेम!" ते म्हणाले.

"अहो, ते हिचं आहे ना?" बाई म्हणाल्या.

"हिला आता नाव कशाला हवंय? फेकून थोडीच देतोय आपण?"

पुन्हा खीर झाली. मास्तरांनी त्याच दिवशी कार्ब्युरेटरही पुन्हा धुतला, पण ते कोण लक्षात ठेवतो! किक बसली आणि सवत धडधडू लागली. टाकीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव आलं. मी झाले "ती". "ती बाजूला लाव." "तिच्यावर पोती टाक." मित्रांनो, सवतीच्या टायरमध्ये खिळा घुसू दे, असंही मी म्हटलंय.

रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. मास्तर चामडी टोपी घालून पुढे, तेंपेच्या टोपल्या घेऊन बाई आणि मी मागे. मोठ्या चढावर सवत खोकली, अडखळली आणि बंद पडली. मास्तर घामाघूम झाले. बाईंनी मला शेजारी आणलं.

"हँडल धरा आणि गप्प बसा," असं म्हणून त्यांनी एक पाय सवतीच्या पायटेकणीवर रोवला. आमच्याकडे बंद पडलेली गाडी अशीच ढकलतात.

माझ्याहून कितीतरी जड धूड! खड्ड्यात लोटून द्यावं असं फार वाटलं. पण वर मास्तर बसलेले. पहिल्या गिअरमध्ये किंचाळत, धूर ओकत मी तिला माथ्यापर्यंत नेलं.

तिथे गर्दी जमली होती. टाकीवरची अक्षरं वाचून एकाने विचारलं, "मास्तर, हीच का तुमची पोनियेम?"

नाव काढून घेतलं तर सवत पुन्हा कधीच सुरू होणार नाही, अशी मास्तरांना धास्ती होती. त्यांनी टोपी काढली, बाईंकडे पाहिलं, मग माझ्या तापलेल्या इंजिनाकडे.

"नाही," ते म्हणाले. "पोनियेम ही." आणि माझ्या सीटवर हात ठेवला.

मित्रांनो, नव्याचे लाड जरूर करा, पण जुन्याच्या ताटातलं उचलून त्याला वाढू नका. आम्ही बोलत नाही म्हणून आम्हाला लागत नाही असं नसतं.

सवत आता बिननावाची उभी आहे. मास्तर तिच्यासाठी रोज नवं नाव शोधतात. शोधू देत, महाराणीचं ठेवू देत. माझं तेवढं माझ्याजवळ राहू दे.