अंजन की आपटा

विश्वजीत सरांनी भाऱ्यातून एक डहाळी ओढून काढली, तिचं एक पान खुडलं आणि हर्षदासमोर धरलं.

"हे कशाचं?"

उन्हानं पान मलूल होऊन मिटलं होतं. हर्षदाला ते हातात घ्यायचीही गरज नव्हती. लांबूनच तिनं पाला ओळखला होता, आणि त्या भाऱ्याखालचा माणूस तर त्याच्याही आधी.

म्हस्कू कोकरे कुंपणाच्या तारेशी उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात भाऱ्याखालची चुंबळ. मोटारसायकलवरून दोघं उतरले तेव्हा त्यानं लेकीकडं एकदाच पाहिलं होतं आणि हात जोडले होते.

"नमस्कार साहेब. नमस्कार मॅडम."

मॅडम! आपली ओळख दाखवू नकोस, एवढं बापानं हर्षदाला त्या एका शब्दात सांगून टाकलं. तिनंही मुकाट्यानं ऐकलं, आणि आता मागं फिरायला जागा उरली नव्हती. वनरक्षक म्हणून लागून तिला जेमतेम सात महिने झाले होते, नोकरी अजून कायम व्हायची होती. घरातली पहिली सरकारी नोकरी ती. आणि राखीव रानातला पाला तोडणारा पहिला माणूस सापडावा तो नेमका जन्मदाता!

कासुर्डीच्या डोंगराला लागून खात्यानं बारा वर्षांपूर्वी अंजनाची झाडं लावून कुंपण घातलं होतं. आसपास अंजन होता तो तेवढाच. कुंपणाबाहेरच्या रानात खतासाठी म्हस्कूच्या मेंढ्या बसवल्या होत्या. त्या रानाच्या बांधावर आपट्याची दोन झाडं होती, आणि त्यांचा पाला न्यायला रानमालकाची ना नव्हती. म्हणजे सगळा निकाल त्या एका पानावर येऊन ठेपला होता. आपटा निघाला तर म्हस्कू भारा उचलून घरी जाणार. अंजन निघाला तर गुन्हा नोंदवला जाणार.

विश्वजीत सर वनपाल होते, पण कोकणातले. तिकडची झाडं त्यांनी डोळे मिटून सांगितली असती, इकडं येऊन त्यांना पंधरा दिवसच झाले होते. त्यांनी मोबाइलवर पानाचा फोटो काढला. झाड ओळखायच्या ॲपवर चकती गरगरत राहिली. डोंगराच्या या अंगाला रेंज कधीच नसते.

"मला तर आपटा वाटतो. दसऱ्याला वाटतात तो," सर म्हणाले. "बाबा, तुमचं काय म्हणणं?"

"म्या काय सांगू साहेब? अडाणी मानूस. मॅडमला इचारा, त्या शिकल्याल्या हायेत."

"हर्षदा, तुम्ही इथल्या. तुमच्या शब्दावर मी सही करणार. नीट बघून सांगा."

शिकलेली कसली! बाराखडीच्या आधी तिला हिवर, खैर, धावडा येत होते. मेंढरांमागं चालता चालता म्हस्कू पान हातात द्यायचा. चुकलं तर ओरडायचा नाही, पण दिवस मावळेपर्यंत तिच्याशी बोलायचा नाही. त्या अबोल्याची तिला माराहून जास्त भीती वाटायची.

तिनं पान घेतलं. उगाच उलटंपालटं केलं.

"आपटा, सर."

"नक्की?"

"नक्की. एकच पान आहे, मधे चिरलेलं. आपटाच."

सरांनी पेनला टोपण लावलं.

"जा बाबा. उगाच खोळंबा झाला तुमचा."

सुटलो एकदाचे, हर्षदाला वाटलं. म्हस्कू भाऱ्यापाशी वाकला, दोरीला हात घातला आणि तसाच थांबला. मग सावकाश सरळ झाला.

"आपटा?" तो म्हणाला.

हर्षदानं डोळ्यांनीच विनवलं. पण बाप तिच्या डोळ्यांकडं बघतच नव्हता, तो पानाकडं बघत होता. त्यानं ते तिच्या हातातून ओढून घेतलं.

"ह्यो आपटा हाय व्हय गं? जोडपान हाय ह्ये, दोन येगळी पानं!" त्यानं दोन्ही बाजूंनी हलकेच ओढलं. पानाचे दोन भाग देठापासून अलगद सुटले. "आपटा असा सुटतो का? फाटतो त्यो! पाच वर्साची व्हतीस तवा कळत व्हतं तुला!"

बोलून झालं आणि मग त्याला उमगलं. चेहरा खर्रकन उतरला.

"न्हाई... म्हंजी मॅडम, तुमास्नी..."

सरांनी हर्षदाच्या छातीवरच्या पाटीवरचं आडनाव वाचलं. मग म्हस्कूकडं पाहिलं. टोपण पुन्हा काढलं.

"बाबा, नाव काय तुमचं?"

हातातली पानं म्हस्कूनं मुठीत घट्ट आवळली.

"म्हस्कू बिरदेव कोकरे," हर्षदा म्हणाली. "माझे वडील. पान अंजनाचं आहे, सर. आणि मी खोटं बोलले, तेही लिहा."

सर लिहू लागले. म्हस्कू दोन पावलं पुढं आला.

"तिला समदी पानं वळखता येत्यात, साहेब," तो काकुळतीनं म्हणाला. "ह्ये बी लिवा."