चौसष्ट अक्षरांत साठ चुका

मी चौसष्ट अक्षरांची ओळ बोलतेय. एफ, तीन, नऊ, बी… अशी सुरू होते मी, आणि शेवटपर्यंत ना अर्थ, ना यमक. त्यामुळे मला कुणी वाचत नाही.

माझी थोरली बहीण म्हणजे चार जीबीची भलीमोठी फाइल. अख्खा संगणक तिच्यावर चालतो. ती जन्मली त्याच दिवशी तिला पूर्ण दळून मला काढलं. ताईत एक ठिपका जरी इकडचा तिकडे झाला, तरी पार वेगळीच ओळ निघते. म्हणजे ताई धडधाकट आहे की नाही, हे माझ्यावरून कळतं. पण लोक काय करतात? ताईच्या नकला ठेवणारे मिरर सर्व्हर जगभर आहेत, तिथून तिला उतरवून घेतात आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मेले आळशी!

डोळ्यांच्या दवाखान्यातले संगणक सांभाळणारी एक बाई मात्र शिस्तीची. ऑपरेशनच्या यंत्राचा संगणक बंद पडला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच यंत्राखाली तिच्या सासूबाईंचा डोळा. तिने घरी बसून जवळच्या मिररवरून ताईला उतरवलं, आणि मला मूळ ठिकाणाहून मोठ्या टायपात छापून घेतलं. ताई आतून मोडलेली निघाली तर यंत्र ऐन ऑपरेशनात बंद पडायचं.

"बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली, "मी दवाखान्यात जाऊन जुनी डिस्क काढून येते. तोवर ही उतरवलेली फाइल दळून पडद्यावर एक ओळ येईल. ती छापा आणि या ओळीशी ताडून बघा. जुळायलाच हवी हं!"

आता हे सासरे चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासत आलेले. नवी ओळ बघून ते उडालेच. "अरे देवा! चौसष्ट अक्षरांत साठ चुका?"

झालं! त्यांनी लाल पेन काढलं. एकेक अक्षर खोडून समासात माझं अक्षर लिहीत सुटले. मी आपली ओरडतेय, अहो, ताई मोडलीय, तिला परत पाठवा! पण माझं ऐकतंय कोण?

सूनबाई आली ती घाईतच. "जुळली?"

"जुळली तर! साठ ठिकाणी हात फिरवावा लागला."

पेनड्राइव्ह घेऊन निघालेली सूनबाई दारातच थबकली. तिने तो लालेलाल कागद बघितला.

"बाबा, ओळ दुरुस्त करून फाइल दुरुस्त होत नाही हो! उद्या आईंचा डोळा आहे तिथे!"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. पेनाला टोपण लावायचंही सुचेना. माझा राग तिथेच ओसरला.

दुसऱ्या मिररवरून ताई पुन्हा उतरली. या वेळी ते बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. आठ-दहा अक्षरांतच सूनबाईला कळलं की ओळ जुळतेय, पण तिने त्यांना थांबवलं नाही. चौसष्टच्या चौसष्ट! जन्मात पहिल्यांदा मला कुणी पूर्ण वाचलं. खरं सांगते, भरून आलं मला.

तेव्हापासून मी त्यांच्या बैठकीतल्या भिंतीवर आहे. तुम्हीही ताईला घरी आणाल तेव्हा मला ताडून बघा. फक्त हात फिरवू नका, एवढंच मागणं.

परवा सासूबाईंची पट्टी निघाली. "दवाखान्यातला तक्ता मला तोंडपाठ आहे, त्याने काय कळणार?" म्हणत त्या माझ्यासमोर बसल्या, एका डोळ्यावर हात धरून. "एफ, तीन, नऊ, बी…"

शेजारी सासरे दुसरा कागद आणि उघडं लाल पेन घेऊन श्वास रोखून उभे. सासूबाई न अडखळता शेवटच्या अक्षरापर्यंत पोचल्या.

"एकही चूक नाही," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.