माळवस्तीचा लाल ठिपका

"नकाशा उघडला ना, बाई? मंग झालं. आजच्या आज गावांना पाठवा," आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाचे राजशेखर साहेब म्हणाले.

"उघडला, साहेब. पण रंग गेलेत."

जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं, म्हणून मी नऊ वर्षं खपून केलेल्या नकाशाची फाइल फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलून घेतली होती. ते सॉफ्टवेअर बिचारं चांगलं आहे. जिल्ह्यातले सगळे हातपंप जागच्या जागी आले. फक्त चांगल्या पाण्याला निळा ठिपका आणि हाडं वाकवणाऱ्या फ्लोराइडच्या पाण्याला लाल, हा मी केलेला फरक आला नाही. चौदाशे ठिपके, एकजात हिरवे!

"दोन दिवस द्या. तपासणीचा तक्ता शाबूत आहे, त्यावरून रंग लावते."

"रंगाचं काय घेऊन बसलात? रांगोळी काढायची हाय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रांगोळी नाही साहेब, लोकांचे गुडघे आहेत ते!" पण त्यांनी तोवर माझ्याच कॉम्प्युटरवरून नकाशा पाठवूनही दिला. वर म्हणतात, "कमरुन्निसाबाई, चिडता लई तुम्ही." चिडू नको तर काय पेढे वाटू?

दोन दिवसांत मी कुणाला न विचारता रंग लावले आणि नवा नकाशा घेऊन कंधारकडच्या माळवस्तीवर गेले. पंचायतीच्या भिंतीवर तो हिरवा नकाशा आधीच लागला होता, खाली माझं नाव. आणि दोन वर्षांपूर्वी मीच भांडून बंद करवलेल्या हातपंपाच्या दांड्याची कुलूप-साखळी काढलेली. तोबा! बायका पाणी भरत होत्या.

सिंधुमावशी पुढे आल्या. पंचावन्नच्या, पण याच पाण्याने गुडघे वाकलेले. "लई बरं केलं बाई. तुमच्या नकाशात पाणी सुधरलं म्हणं. नातीला लांबच्या हिरीवर धाडायचं वाचलं."

साहेबांचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण भिंतीवर नाव माझं होतं.

"न्हाई मावशी. पाणी तसंच आहे. नकाशा चुकला."

त्यांनी डोक्यावरची घागर खाली ठेवली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी गावातल्या दुकानातून लाल ऑइलपेंट आणला आणि दांड्यापासून बुडापर्यंत तो पंप रंगवून काढला. हात, ओढणी, सगळं लाल झालं.

सिंधुमावशींनी भरलेली घागर माझ्यासमोर उपडी केली. मग डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि लंगडत लांबच्या विहिरीची वाट धरली.