उओमी नावाचं शेवटचं घर

तोकुजीचं उभं आयुष्य त्या खाडीत गेलं, तरी शेजारची किनु म्हातारी त्याला अजून 'उओमींचा घरजावई'च म्हणायची. आणि तेही तोंडावर! केस पांढरे झाले, बायको गेली, होडी विकली, तरी घरजावई तो घरजावईच.

"अगं, आता घरात सासरा नाही, सासू नाही, बायकोही नाही. मी जावई तरी कुणाचा?" तो चिडायचा.

"घराचा," असं म्हणून म्हातारी पुन्हा मुळा चिरायला लागायची.

तिचं खोटं नव्हतं. तोकुजी जन्मानं आबे. उओमींच्या फुमीला भाऊ नव्हता, आणि कायद्यानं नवराबायकोचं आडनाव एकच लागतं. तेव्हा पोरगी हवी असेल तर आपलं नाव उंबऱ्याबाहेर ठेवून ये, अशी सासऱ्याची अट. तोकुजीनं ती मान्य केली. त्याची आई लग्नात भिंतीकडं तोंड करून रडली. सासऱ्यानंही पुढं कधी सरळ वागवलं नाही, जाळं फाटलं की "आब्यांकडं असंच शिवतात वाटतं?" हे ठरलेलं.

एवढं काय होतं त्या नावात? उओमी म्हणजे मासे पाहणारा. जुन्या काळी साध्या माणसाला आडनावच नसायचं. मग सरकारचा हुकूम सुटला की प्रत्येकानं एक आडनाव घ्या, आणि गावोगाव नुसता गोंधळ. कुणी आपल्या शेताचं घेतलं, कुणी दारातल्या झाडाचं. फुमीचा खापरपणजा टेकडीवर बसून दिवसभर समुद्राकडं डोळे लावायचा. पाणी काळवंडलं की तारलीची झुंड आली हे ओळखून तो गवताची पेंढी हलवायचा, आणि खालून होड्या सुटायच्या. तो झाला उओमी. भावांनीही तेच नाव उचललं, आणि एके काळी खाडीच्या या अंगाला सगळी उओमींचीच घरं होती. पुढं तारली गेली, पोरं शहरात गेली, मुली लग्न करून सातो, सुझुकी, ताकाहाशी झाल्या. सातो तर इतके, की शाळेत नुसतं "सातो!" म्हटलं तर चार माना वळायच्या. उओमी उरलं एकच घर, आणि तेही आब्यांच्या पोरानं धरून ठेवलेलं.

त्या घराचा वारस होता वातारू, तोकुजीचा मुलगा. तो ऐन पंचविशीत होडीसकट बुडाला. प्रेत हाती लागलं, तेवढंच नशीब. टेकडीवर 'उओमी घराणं' असं कोरलेला दगड आहे. त्याच्याखाली आईच्या शेजारी त्याचा अस्थिकलश ठेवला. खरं सांगायचं तर तोकुजीला ते नाव जन्मभर टोचलं. पण नाव संपलं की दगडाला वाली नाही. लग्न झालेल्या मुलीनं सासरची थडगी सांभाळायची असतात. आणि वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही, की देवळाची माणसं दगड उपटून जागा दुसऱ्याला देतात. आपल्यामागं वातारूला कोण बघणार? एवढा एकच घोर त्याला लागला होता.

अशात धाकट्या मुलीनं, सायोनं कळवलं, सेंदाई शहरातल्या एका मुलाशी लग्न ठरवतेय. नाव दाईची, आडनाव सातो.

"सातो!" किनु म्हातारीनं कपाळावर हात मारला. "दुसरं कुणी मिळालंच नाही? बरं, कितवा मुलगा?"

"तिसरा."

"मग काय घोडं अडलंय? त्यांच्याकडं दोन आहेत की नाव चालवायला. विचार त्याला, उओमी होतोस का म्हणून."

"मांजराचं पिल्लू आहे का ते, मागून घ्यायला?"

"अरे, तुला घेतलंच ना!"

"म्हणूनच नाही विचारणार," तोकुजी म्हणाला, आणि उठूनच गेला.

दाईची घरी आला तेव्हा गुडघे मोडून ताठ बसला. कपाळ चटईला टेकवून म्हणाला, "सायोला मला द्या." मग मान वर करून तो गप्प राहिला. बराच वेळ. सायोही खाली बघत चहाच्या पेल्याशी चाळा करत होती. काहीतरी ऐकायला थांबल्यासारखी दोघं बसली होती, पण तोकुजीला वाटलं, पोरं होकारालाच अडलीत. विचारावं का? शब्द अगदी ओठांशी आला. तेवढ्यात त्याला भिंतीकडं तोंड केलेली आपली आई आठवली.

"घेऊन जा," तो म्हणाला. "आणि सायो, खुशाल सातो हो. इकडची काळजी करू नकोस."

दाईचीची मान एकदम खाली गेली. तोकुजीला वाटलं, पोराचा जीव भांड्यात पडला असेल. आता काय म्हणावं या माणसांना! तिघं एका चटईवर, तिघांच्या पोटात एकच गोष्ट, आणि बोलायला एकही तयार नाही.

वसंतात लग्नाची नोंद झाली. सायो सातो झाली. शरद आला तसं तोकुजीनं ठरवलं, मुलीच्या गळ्यात दोन-दोन घरांची थडगी नकोत. आपण जिवंत आहोत तोवर आपणच उरकावं. सायोला त्यानं कळवलं नाही. कळवलं असतं तर ती नको म्हणाली असती, तेही निव्वळ आपल्यावरच्या मायेपोटी. देवळातले गुरुजी आले, मंत्र म्हणून दगडातलं देवपण काढून घेतलं. पाथरवटानं फरशी सरकवली. कलश निघाले. वातारूचा कलश तोकुजीनं स्वतः छातीशी धरून टेकडीखाली आणला. जड नव्हता, तरी वाटेत दोनदा बसावं लागलं. देवळामागच्या सामाईक समाधीत, जिथं निराधारांची हाडं एकत्र ठेवतात आणि देऊळच त्यांना बघतं, तिथं गुरुजींनी एकेक कलश रिकामा केला.

किनु म्हातारीला राहवलं नाही. तिनं सेंदाईला फोन केला.

सायो आणि दाईची धावत आले तेव्हा 'उओमी घराणं' लिहिलेला दगड दोरानं बांधून देवळाशी उभ्या ट्रकवर आडवा पडला होता.

"बाबा, हे काय केलंत? कुणाला विचारून?"

"तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून, पोरी."

"ताप?" सायोचा आवाज चिरकला. "दाईची उओमी व्हायला तयार होता! त्या दिवशी त्याचसाठी आला होता!"

तोकुजीनं दाईचीकडं पाहिलं. दाईची मान खाली घालून म्हणाला, "माझी आई आधीच रडून मोकळी झाली होती. पण म्हणाली, ते विचारतील तेव्हा हो म्हण. आपणहून म्हणालास, तर पोराचा डोळा घरावर आहे असं वाटेल. मी वाट बघत होतो, बाबा. तुम्ही म्हणालात, खुशाल सातो हो. मला वाटलं, मी या नावाच्या लायकीचा वाटलो नाही तुम्हाला."

"मग तू का नाही बोललीस?" तोकुजीनं सायोला विचारलं.

"तुमचं नाव तुमच्याकडून कसं काढून घेतलं, ते ऐकतच मोठी झाले ना मी! दारूचे दोन पेले पोटात गेले की दुसरं काय बोलायचात? ते नाव त्याच्या गळ्यात बांधा, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते तुम्हाला?"



"दादा कुठाय?" सायोनं विचारलं.

तोकुजीनं हात केला. ती देवळामागं गेली, मागोमाग सगळेच गेले. ती समाधीच्या फरशीला दोन्ही हात लावून गुरुजींना म्हणाली, "काढा त्याला बाहेर. मी नेते."

"पोरी," गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "आत किती पिढ्यांची माणसं आहेत. कुणाचं हाड कुठलं, मी कसं ओळखू?"

दाईची गडबडीनं म्हणाला, "बाबा, अजून वेळ गेलेली नाही. मला दत्तक घ्या. उद्याच्या उद्या दोघं उओमी होतो. दगड परत उभा करू."

"आणि खाली काय ठेवू?" तोकुजी म्हणाला. "मला नाव कशाला हवं होतं रे? नाव त्याच्यासाठी हवं होतं."

एवढं म्हणून तो मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत, ट्रकवाल्यादेखत, ओक्साबोक्शी रडायला लागला. सायो त्याच्याजवळ आली नाही. ती फरशीवर हात ठेवून तशीच बसून राहिली, आणि दाईची दोघांच्या मधे उभा होता, कुणाकडं जावं ते न कळून.