एकतीस उन्हाळे

“खोटं बोललास तू. भर जत्रंत, माझ्या सासरच्या समद्यांम्होरं खोटं बोललास.”

मायाक्कानं देवाच्या डोळ्याला डोळा भिडवून सुनावलं. मंगळवेढ्यापलीकडच्या माळावरचा देव. देऊळ कसलं, उघडा कट्टा. दुपारी बाराला फरशी तव्यासारखी तापलेली आणि बाई अनवाणी. उजव्या पायाला बँडेज. भंडाऱ्यानं माखलेला देव गप्प होता. बोलला तो पुजारी येडू.

“देवाला असं झाडत्यात व्हय, मायाक्का?”

“तुमी गप बसा, मामा. त्या दिशी तुमच्याच अंगात येऊन बोलला की ह्यो. ‘वरीस फिरायच्या आत पदरात लेक घालीन, तवर पायात काय घालू नको.’ आठवतंय का?”

“अंगात असताना माणसाला आठवत न्हाय, बाई.”

“बरंय. बोलणाऱ्याला आठवत न्हाय, चालणारीच्या पायाला आठवतंय.”

एकतीस वर्षं. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटांचे जिने तिनं अनवाणी झाडले, पुसले. मालकिणींनी दिलेल्या जुन्या चपला हात जोडून परत केल्या. मे महिन्यातल्या डांबरावरूनही ती कधी पळत गेली नाही, चालतच गेली. पाळी जाऊन पाच वर्षं झाली. बायका हसल्या. हसू द्या. शब्द दोघांचा होता, पाळत होती ती एकटी. आता साखरेच्या दुखण्यानं पायाचा अंगठा काळा पडला होता. डॉक्टर म्हणाला, अंगठा जाणारच. असंच चाललात तर पाय जाईल.

मागं नवरा धुळा उभा होता, पिशवीत कोऱ्या चपला घेऊन. त्याच्या आईनं दुसऱ्या बायकोचा विषय काढला तेव्हा हा माणूस मेंढरं घेऊन तीन महिने रानात निघून गेला होता.

“घाल की आता,” तो म्हणाला. “देव काय बघाय येतोय व्हय?”

“न्हाय येत. त्येच तर.”

येडूनं तोडगा काढला. “नणंदंला नातू झालाय न्हवं? त्योच तुझा समज. भंडारा उधळ, चप्पल घाल. देव मोकळा, तू मोकळी.”

देवाच्या माणसांचं हे असं. देव चुकला की भक्तानंच सावरून घ्यायचं.

“नणंदंचं नणंदंला. दुसऱ्याचं उचलून माझं म्हणायची न्हाय मी. आन् ह्याला फुकट सोडायचीबी न्हाय.”

तिनं पिशवीतल्या चपला काढून देवापुढं मांडल्या. येडू ओरडला. तिनं तिकडं पाहिलंही नाही. कण्हेरीचं फूल भिजवून देवाच्या कपाळाला चिकटवलं. उजवीकडं पडलं तर होय, डावीकडं तर नाही. इथं लोक पावसाचा कौल लावतात, सोयरिकीचा लावतात.

“म्हण, ‘जमलं न्हाय मला.’ एवढंच कबूल कर, उजवं दे. चपला घालून जाते, तुला माफ करते. शब्द अजून खराय म्हणायचं तर डावं दे. मग पायबी घे, मी वाट बघते. पर गप बसू नको.”

वारा पडलेला. फूल हलेना. येडूनं हळूच फुंकर घालायला तोंड पुढं केलं, तसा धुळानं त्याचा दंड धरला.

“थांबा, मामा. तिनं तुमाला न्हाय, त्याला इचारलंय.”

मायाक्का त्या तापल्या फरशीवर खाली बसली. बँडेजचा पाय लांब केला, सरळ देवाच्या तोंडाकडं.

“बसलीय मी. बोल, जमलं का न्हाय?”