उकळलेला स्पंज

सिस्टरांनी छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली, म्हणजे छत्तीस वर्षं जंतू मारले. निवृत्त झाल्यावर मारायला फक्त घरातले उरले. फरशी दिवसातून तीनदा, दाराच्या कड्या चारदा. सुनेने सहा महिने हे मुकाट्याने पाहिलं आणि एका शनिवारी काचेची टाकी घेऊन आली.

"आई, ही तुमची. मी बोटसुद्धा लावणार नाही."

टाकी मांडताना सिस्टरांनी खडे इतक्या पाण्यांतून काढले की सून म्हणाली, आता ते विरघळतील. माशांच्या दुकानदाराने महिनाभर नुसता फिल्टर चालवायला आणि रोज चिमूटभर खाणं टाकायला सांगितलं होतं. मासेच नाहीत तर खाणं कुणाला, हे त्यांनी विचारलं नाही. सांगितलेलं करायचं, ही थिएटरातली सवय.

मग पाच इवलेसे केशरी मासे आले. सगळ्यांत मागून खायला येणारा, त्याला त्या शेंडेफळ म्हणू लागल्या. फरशी एकदाच पुसली जाऊ लागली. सून नवऱ्याकडे बघून हसली.

दहाव्या दिवशी सिस्टरांनी फिल्टर उघडला. आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत. त्यांच्या अंगावर काटाच आला. त्यांनी तो दहा मिनिटं खळाखळा उकळला आणि पांढराशुभ्र करून जागेवर ठेवला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पाचही मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. श्वास लागलेला जीव त्यांना ओळखायला शिकवावा लागत नव्हता. त्यांनी सुनेच्या ऑफिसात फोन केला.

"अगं, माझ्या हातून काहीतरी झालंय."

"निघालेच. टाकीतलं पाणी एका बाटलीत भरून ठेवा."

दुकानदाराने बाटलीत कागदाची पट्टी बुडवली, रंग पाहिला.

"स्पंज धुतलात का, ताई?"

"उकळला."

"अरेरे. महिनाभर आपण जे जंतू वाढवले, त्यांचा रस्सा केलात की." तो हसला नाही, हे विशेष. "माशांची घाण तेच खातात. ते नसले की घाणीचं विष होतं."

त्याने स्वतःच्या जुन्या टाकीतला काळपट स्पंज काढला, कात्रीने अर्धा कापला, त्याच पाण्यासकट पिशवीत घातला. "जा लवकर. हा फिल्टरात ठेवा, अर्धं पाणी बदला, दोन दिवस खाणं नको. आणि धुवायचा नाही हं."

स्कूटरवर सिस्टरांनी ती पिशवी हात लांब करून धरली होती.

"आई, जवळ धरा. पडली तर पाची जातील."

त्यांनी ती छातीशी धरली. थंडगार, कुबट वास. आयुष्यात पहिल्यांदा त्या घाणीला जपत होत्या.

स्पंज बसवल्यावर पाणी गढूळ झालं. हात आपोआप फडक्याकडे गेला. सुनेने तो धरून ठेवला. दोघी तशाच बसल्या. ऑफिसात परत जायचं सुनेने मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मासे एकेक करून खाली उतरले. शेंडेफळ शेवटी, पण उतरलं.

"त्या दुकानदाराचे फार उपकार झाले," सून म्हणाली.

"त्याचे झाले," सिस्टर म्हणाल्या. "पण फोन उचललास ती तू. रागावलीही नाहीस. मी असते तर रागावले असते."

"माहीत आहे ना मला," सून म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.